नवे धुळे, जुने धुळे आणि आपली ग्रॅच्युइटी

मराठी मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात दोनदाच नकाशा गंभीरपणे पाहतो. एकदा शाळेत, भूगोलाच्या मास्तरांच्या धाकानं. आणि दुसऱ्यांदा अठ्ठावन्नाव्या वर्षी बिल्डरच्या ऑफिसात, बायकोच्या धाकानं. पहिल्या नकाशात त्याला तापी सापडत नाही आणि दुसऱ्यात न्हाणीघर.

बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढल्यामुळे हा दुसऱ्या नकाशाचा माणूस मी लांबून ओळखतो. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि शिल्लक रजेचा पगार हे तीन पाहुणे त्याच्या खात्यात एकाच महिन्यात उतरलेले असतात. जन्मभर ज्या पासबुकात पाच आकडे म्हणजे दिवाळी, तिथं एकदम सात आकडे बसलेले बघून त्याला रात्री झोप येत नाही. मग तो मुदतठेवीची पावती करायला येतो, ती करता करता थांबतो, मागच्या रांगेकडे दुर्लक्ष करतो आणि खिडकीत तोंड घालून विचारतो, "भाऊसाहेब, नवं घ्यावं का रिसेलचं?"

हा प्रश्न आपल्याच पिढीला पडला, अशी त्याची समजूत असते. मागच्या रांगेचीही तीच असते. परंतु वाचकहो, खानदेशात हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे आणि त्याची उत्तरं दोन-तीनदा देऊन झालेली आहेत. आपण कॉमर्सवाले लोक इतिहासाच्या वाटेला सहसा जात नाही. कारण त्यात ताळा जमत नाही. पण या एका बाबतीत खानदेशचा इतिहास म्हणजे जुनी खतावणीच आहे. नुसती चाळली तरी पुष्कळ नोंदी आजच्या निघतात.

पहिली नोंद १८१८ सालची. पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. 'आला' म्हणायचं इतकंच. होळकरांच्या फौजा येऊन गेलेल्या, पेंढारी येऊन गेलेले, १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ येऊन गेलेला. सगळे येऊन गेले आणि जाताना गावकऱ्यांनाही घेऊन गेले. गावंच्या गावं ओस. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉपर्टी मार्केट साफ बसलेलं होतं. जागा मुबलक, गिऱ्हाईक शून्य.

हा प्रांत सांभाळायला आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या इंग्रजानं १८१९ मध्ये आपल्या मुख्य ठाण्यासाठी धुळं निवडलं. का निवडलं? तर प्रांताच्या मध्यावर आणि पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या रहदारीच्या वाटेवर. म्हणजे आज जाहिरातीत 'हायवे टच' असं लाल अक्षरात छापतात, ते कारण ब्रिग्जसाहेबाला छापखान्याशिवाय सुचलं होतं. त्या वेळचं धुळं केवढं? सरकारी गॅझेटियरमध्ये आकडा आहे : २,५०९ माणसं आणि ४०१ घरं. एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला पांझरा नदी, भोवती बागायत आणि मध्ये दाटीवाटीनं गाव. भागाकार केला तर घरटी सव्वासहा माणसं येतात. (पाव माणूस कोण, हे विचारू नये. प्रत्येक घरात एक असतोच.)

आता या आडगावात नवी वस्ती करायला कोण येणार? ब्रिग्जसाहेबानं मग एक योजना काढली. बऱ्हाणपूर आणि अशाच मोठ्या गावांतल्या लोकांना बोलावणं धाडलं. घर बांधायला जागा देतो. भाडं नाही, आणि तेही कायमचं नाही. शिवाय पक्कं घर उभं करायला आगाऊ रक्कम देतो. आणि गंमत म्हणजे, ही रक्कम नव्यानं येणाऱ्यांनाच नव्हे, गावातल्या जुन्या रहिवाशांनाही देऊ केली. माझ्या वाचनात आलेलं खानदेशातलं हे सर्वांत जुनं गृहकर्ज. प्रोसेसिंग फी नव्हती, जामीनदार नव्हता, तीन महिन्यांचं सॅलरी सर्टिफिकेट नव्हतं. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे वाचताना घाम फुटतो.

अशा रीतीनं धुळ्याचे दोन भाग झाले : नवं धुळं आणि जुनं धुळं. नव्यात ऐसपैस जागा आणि व्यापाऱ्यांची पक्की घरं. जुन्यात वेड्यावाकड्या वाटा आणि बहुतेक साधीसुधी घरं. पुढं इंग्रजांनी छापलेल्या गॅझेटियरांतही ही दोन नावं अशीच आली. म्हणजे 'नवं की जुनं' हा प्रश्न धुळ्यात नुसता विचारला जात नाही, तो पत्त्यावर लिहितात.

हा ब्रिग्ज पुढं साताऱ्याला रेसिडेंट झाला, त्यानं फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १८३० मध्ये हिंदुस्थानातल्या जमीनमहसुलावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. जागा फुकट वाटणाऱ्या माणसानंच जमिनीवरच्या करावर ग्रंथ लिहावा, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडेही कर्जवाटपाचा मेळावा घेणारा अधिकारी पुढच्या वर्षी वसुलीवर भाषण देतो.

सांगायचा मुद्दा असा की, सवलत ही विकणाऱ्याच्या काळजीच्या प्रमाणात मिळते. ब्रिग्जला माणसं मिळत नव्हती म्हणून जागा फुकट होती. बऱ्हाणपूरच्या लोकांवर त्याचा जीव जडला होता म्हणून नव्हे. आज एखादा बिल्डर जेव्हा "काका, तुमच्यासाठी म्हणून" असं म्हणत मॉड्युलर किचन फुकट, दोन एसी फुकट आणि नोंदणीचा खर्च आमचा असं सांगतो, तेव्हा काकांनी हुरळून जाऊ नये. त्या इमारतीत किती फ्लॅट रिकामे आहेत ते संध्याकाळी सात वाजता बाहेर उभं राहून मोजावं. जितक्या खिडक्यांत दिवा नाही तितकी किचनं फुकट.

पुढली नोंद १८७२ सालची. त्या वर्षी पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यातल्या घरांची, मालमत्तेची भयंकर हानी झाली. ज्यांनी 'नदीकाठची हवेशीर जागा' म्हणून घरं घेतली असतील, त्यांच्या ओट्यावर नदी स्वतः हवा खायला आली. यात नवं-जुनं असा भेद पाण्यानं पाळला नसावा. पण दुसऱ्या दिवशीपासून एक भेद झालाच. पाणी कुठपर्यंत चढलं ते जुन्या घराच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. जुन्या घरानं पूर पाहिलेला असतो. नव्या घराला तो अजून पाहायचा असतो. रिसेलच्या घराला जी चार बोटं ओल दिसते, तिच्याकडे बघून आपण नाक मुरडतो. वास्तविक ती ओल म्हणजे घराचं प्रगतिपुस्तक आहे. नव्या घराची भिंत कोरडी दिसते, कारण ती अजून परीक्षेला बसलेली नाही.

धुळं सरकारनं वसवलं, तर जळगाव कापसानं वाढवलं. १८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साहेबाला एकाएकी खानदेशची आठवण झाली. त्याच दशकात रेल्वे आली आणि जळगाव म्हणजे कापसाची मोठी पेठ झाली. कापसाला सोन्याचा भाव आला, आणि एकदा तो आला की सोन्याच्या भावाची जागा घ्यायला लोक मागंपुढं पाहत नाहीत. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. लढणारे घरी गेले आणि कापसाचा भाव जमिनीवर आला. मुंबईत समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर रद्दीत गेले, हे आपण वाचतो. जळगावलाही त्या पडझडीत जबर फटका बसला, हे मात्र आपल्याला मुंबईच्या इतिहासकारांनी फारसं सांगितलं नाही.

म्हणून जळगाव ओस पडलं का? नाही. पुढच्याच दशकात खानदेश मिल उभी राहिली, कापूस पुन्हा उठला, नव्या पेठा बसल्या. त्यातल्या एका पेठेला पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव मिळालं, ती पोलन पेठ. दुसरी नवी पेठ. ही नवी पेठ आजही नवीच आहे. तिथं जन्मलेली माणसं आजोबा होऊन गेली, तिथली लाकडी माडी वाकून रस्त्याकडे बघायला लागली, तरी पेठ नवी. नाव एकदा नवं ठेवलं की वय वाढत नाही, ही युक्ती फक्त पेठांना आणि काही नटांना साधलेली आहे.

मंदीबद्दल बोलताना आमचे वडीलधारे एक वाक्य हमखास टाकतात : "भाव आज पडलाय, उद्या चढेल; जागेत पैसा बुडत नाही." इतिहास बघितला तर वाक्य खरं आहे. जळगावचा भाव चढलाच. पण तो चढेपर्यंत किती वर्षं गेली, हे या वाक्यात येत नाही. ज्या गृहस्थानं १८६४ मध्ये कर्ज काढून वखार घेतली असेल, त्याला "दहा वर्षांनी सगळं ठीक होईल बरं का, आप्पा" असं सांगून काय समाधान मिळणार? शहराला दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. तिशीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे कर्जाचा अर्धा प्रवास. साठीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे गुडघे. मंदीच्या बाजारात घर घेताना तरुण माणूस भावाचा जुगार खेळतो. म्हातारा माणूस वेळेचा. आणि वेळेला आमची बँक काय, कुठलीच बँक कर्ज देत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे दोन जिल्हे केले : पूर्व खानदेश, कचेरी जळगावला, पश्चिम खानदेश, कचेरी धुळ्याला. एका कचेरीच्या दोन झाल्या, म्हणजे कारकुनांचीही दुप्पट सोय झाली. १९६० मध्ये या जिल्ह्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली आणि पाठोपाठ महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा आला. मास्तर, तलाठी, एस. टी. तले, टपालातले, बँकेतले लोक एकत्र येऊन सोसायट्या काढू लागले. गावाबाहेर एन.ए. प्लॉट पडले. धुळ्यात पांझरेपलीकडे देवपूर पसरलं. जळगावात गणेश कॉलनी, महाबळ अशा वसाहती भरल्या.

या घरांची बांधणी पंचवार्षिक योजनेसारखी होती. प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढली की खालच्या दोन खोल्या. थोरलीचं लग्न उरकलं की जिना. धाकट्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की त्याच्यासाठी वरची खोली. धाकट्याला पुण्याला नोकरी लागली की त्या खोलीला कुलूप. फाटकावर 'मातृछाया', 'श्रमसाफल्य' किंवा 'आशीर्वाद'. समोर एक पेरू, मागे एक कढीपत्ता, आणि ओट्यावर संध्याकाळी दोन खुर्च्या. धुळ्यात १८१९ मध्ये घरटी सव्वासहा माणसं होती. या घरांत आज दोन आहेत आणि तीही एकमेकांशी सकाळच्या चहापुरतीच बोलतात.

अशा रीतीनं कोणी ठराव न करता, कोणी फीत न कापता, आपल्याकडे निवृत्तांच्या वसाहती तयार झाल्या. पुण्यात परांजपे स्कीम्सनी 'अथश्री' या नावानं खास ज्येष्ठांसाठी संकुलं बांधली, तेव्हा पेपरात केवढं कौतुक झालं! आमच्या देवपुरात अख्ख्या गल्लीचं सरासरी वय सत्तरीकडे गेलं, तर त्याची बातमी फक्त औषधाच्या दुकानदाराला लागली.

आणि आता ही घरं विकायला निघतात. मुलं पुण्याला, नाहीतर न्यू जर्सीला. त्यांना बंगला नको असतो, पैसे हवे असतात आणि चार दिवसांची रजा असते. त्याच वेळी त्याच रस्त्याच्या टोकाला नवी सहामजली इमारत उभी राहते. बाजार मंद असला की या दोघांची गाठ एकाच गिऱ्हाइकापाशी पडते. आणि तो गिऱ्हाईक म्हणजे माझ्या खिडकीत तोंड घालून उभा असलेला गृहस्थ. त्याला काय सांगावं?

जळगावच्या माणसाला ही गोष्ट सोन्याच्या भाषेत पटकन कळते. आमचा सराफ बाजार लांबलांबचे लोक शोधत येतात. दागिन्यात सोनं किती आणि घडणावळ किती, हे इथं दहावी नापास पोरगीही सांगते. दागिना मोडायला गेलात तर सोन्याचे पैसे येतात, घडणावळ सराफाच्या फुंकणीत जाते. घराचंही तसंच. जमीन म्हणजे सोनं. बांधकाम म्हणजे घडणावळ. जमिनीला घसारा नाही, बांधकामाला पहिल्या दिवसापासून आहे. चाळीस वर्षांचा बंगला घेता तेव्हा घडणावळ जवळजवळ फिटलेली असते, तुम्ही सोन्याचे पैसे देता. नवा फ्लॅट घेता तेव्हा सोनं म्हणजे जमिनीचा अविभक्त हिस्सा, गुंजभर, बाकी घडणावळ. तो वाईट असतो असं नाही. दागिना घालून मिरवायचा असेल तर घडणावळ द्यावीच लागते. पण मोडीला काय येईल याचा हिशेब आधी करावा.

शिवाय पोकळ दागिन्यात जशी लाख भरतात, तसा पूर्वी फ्लॅटमध्ये 'सुपर बिल्ट-अप' भरत. जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली, गच्चीवरची टाकी या सगळ्यांतला वाटा तुमच्या हॉलच्या नावावर चढे आणि हजार फुटांच्या फ्लॅटमध्ये साडेसातशे फुटांची सतरंजी पुरून उरे. १९६३ च्या मोफा कायद्यानं आणि नंतर रेरा कायद्यानं चटई क्षेत्र सांगणं बंधनकारक केलं, तेव्हा ही लाख वितळली. १ मे २०१७ पासून आपल्याकडे महारेरा आहे. गिऱ्हाइकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ताबा लांबला तर व्याज द्यायचं, बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षांपर्यंत दुरुस्त करून द्यायचा, असे नियम आले. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ फ्लॅटपर्यंतचा प्रकल्प या नोंदणीतून सुटतो. आणि आपल्या गावांत एका मोडलेल्या बंगल्याच्या जागी उभी राहणारी इमारत नेमकी तेवढीच असते. तेव्हा नोंदणी क्रमांक मागावा. तो नसेल तर तो का नाही, ते विचारावं. आणि उत्तर देताना समोरचा माणूस चहा मागवतो का, तेही बघावं.

बांधून न झालेल्या घराचा आणखी एक खर्च आहे. १ एप्रिल २०१९ पासून अशा घरावर जीएसटी पाच टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलंत तर जीएसटी नाही. रिसेलवरही नाही. मुद्रांकशुल्क मात्र दोन्हीकडे आहे. सरकारला नव्या-जुन्याचं वावडं नाही.

आणि ताबा? जळगावकराला ही धास्ती पुस्तकातून शिकावी लागत नाही. १९९० च्या दशकात आमच्या नगरपालिकेनं गरिबांसाठी घरकुल योजना काढली. अकरा हजारांवर घरं व्हायची होती. पुरी झाली ती त्यातली थोडीच. मग चौकशी, गुन्हे, खटला असा प्रवास होऊन ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला. घरं जळगावची, निकाल धुळ्याला. ज्यांनी त्या घराची वाट बघितली, त्यांची पोरं तोवर लग्नाला आली असतील. म्हणून 'दोन वर्षांत ताबा' असं कोणी म्हटलं की खानदेशी माणूस मनातल्या मनात आपलं वय त्यात मिळवतो. ते मिळवावंच.

म्हणजे जुनंच घ्यावं? थांबा. जुनं घर घ्यायचं तर अंगी थोडे राजवाडे यावे लागतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या वाड्यांतले माळे धुंडाळले. मागं ठेवले ते कागद. त्या कागदांसाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ निघालं. रिसेलचं घर घेणाऱ्यानं देव्हाऱ्यात गणपतीशेजारी त्यांचा फोटो लावायला हरकत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा, सातबारा, फेरफार, एन.ए.चा आदेश, मंजूर नकाशा, तीस वर्षांची खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू, घरपट्टीची पावती, सगळं मागावं. सोसायटीचं घर असेल तर तिचा ना-हरकत दाखला मागावा. सर्वांत मुख्य म्हणजे वारस मोजावेत. 'श्रमसाफल्य'चे श्रम एकट्या आप्पांचे असतात, साफल्य मात्र चार मुलगे आणि तीन मुली यांच्यात वाटलेलं असतं. सही सहाजणांची होते आणि सातव्या ताई नंदुरबारहून वकील पाठवतात.

कागद जुळले तरी घर बघावंच. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसवर गेला तरी आत माणूस माणसात असे. नंतर सिमेंटचा स्लॅब आला. जळगावच्या उन्हात स्लॅबखालचा वरचा मजला म्हणजे खापर. माणसानं फक्त मांड्यासारखं पसरायचं. हा दोष चाळीस वर्षांच्या बंगल्यातही आहे आणि नव्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरही. म्हणून घर बघायला दिवाळीत जाऊ नये. दिवाळीत सगळीच घरं चांगली दिसतात, पाहुणेसुद्धा. घर बघावं मे महिन्यात दुपारी तीन वाजता. आणि शेजारी विचारावं, "पाणी किती दिवसांनी येतं?" वाघूर धरण जळगावजवळ आहे, नकाणे तलाव धुळ्याजवळ आहे, ही माहिती भूगोलाची झाली, नळाची नव्हे.

आणि जिना. पंचेचाळिसाव्या वर्षी बांधलेल्या बंगल्याचा जिना पंचेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांच्या मापाचा असतो. इथं नवं घर बाजी मारतं, हे कबूल केलं पाहिजे. २०२४ मध्ये महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श तत्त्वं काढली. एका मजल्याहून उंच इमारतीला लिफ्ट हवी, दारं चाकांची खुर्ची जाईल इतकी रुंद हवीत, न्हाणीघरात धरायला दांडा हवा, फरशी घसरू नये. वाचून बरं वाटलं. आपल्या पिढीला घरात जिथं पडायचं तिथं पडायची मुभा होती. आता नियम आले.

पण ज्येष्ठांच्या संकुलाचं एक गणित माहितीपत्रकात नसतं. तिथलं प्रत्येक घर एक दिवस रिसेलला येतंच. साध्या इमारतीत माणूस बदली होते म्हणून विकतो, भांडण होतं म्हणून विकतो. इथं कारण एकच आणि ते टळत नाही. विकणारे वारस, तेही घाईत. घेणारा पुन्हा ठरावीक वयाचाच पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकांची रांग आधीच निम्मी. त्यात बाजार मंदावला आणि शेजारी बिल्डरचाच नवा टप्पा सवलतीत उभा असला की वारसांना भाव पाडावा लागतो. मुलांना हे वाईट वाटतं. पण त्याच संकुलात घर शोधणाऱ्या साठीच्या माणसाला मात्र ही संधी आहे : तीच लिफ्ट, तोच दांडा, तीच फरशी, घडणावळीचा मोठा वाटा आधीच्या मालकानं फेडलेला. आणि संकुल खरंच चालतं की नुसतं चित्रात चालतं, हे तिथल्या जेवणघरात एक दुपार बसलं की कळतं. आमटी खोटं बोलत नाही.

एवढं सगळं मी अर्थातच खिडकीतून सांगत नाही. मागची रांग जगू द्यायची नाही. तिथं मी एवढंच विचारतो, "आप्पा, किती वर्षं राहायचं म्हणता?" आप्पा चमकतात. जन्मभर त्यांनी किंमत किती, फूट किती, हप्ता किती हेच विचारलेलं असतं. घराचं वय ते विचारून आलेले असतात. स्वतःचं त्यात धरलेलं नसतं. पण साठीनंतर तेच चलन महाग होतं. जे घर आज उघडता येतं, ज्याच्या भिंतीनं पावसाळे पाहिलेत, ज्याच्या खिडकीत संध्याकाळी सातला दिवा लागतो आणि ज्याच्या शेजारणीला "वहिनी, जरा येता का?" अशी हाक ऐकू जाते, ते घर आपल्यापुरतं नवं. मग ते चाळीस वर्षांचं असो की चार महिन्यांचं. बाकी सगळ्या घरांची वाट बघावी लागते, आणि वाट बघायला तिशीतली माणसं पडलीत.

ब्रिग्जसाहेबाच्या सवलतीवर बऱ्हाणपूरहून आलेले लोक दोनशे वर्षांपूर्वी हेच शिकले असावेत. जागा साहेबानं फुकट दिली. पण गाव शेजाऱ्यांनी केलं, आणि त्याला वर्षं लागली. तरुणांनी ती द्यावीत. आपण चहाला वेळेवर पोचलो म्हणजे झालं.

आप्पांनी शेवटी पावती केली ती एक वर्षाची. "तोवर दोन्ही बघतो," म्हणाले. नूतनीकरणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'होय' लिहिलं. घराचं काहीही होवो, मुदतठेव मात्र कितीदा जुनी झाली तरी पुन्हा नवी होते. नवी पेठेनंतर हे भाग्य तिलाच.